कुत्र्याची सगळ्यात जुनी जात कोणती? (मेहुण्याशी पैज लागली आहे)

शंकासुर

नमस्कार मंडळी,

मेहुण्याने गेल्या महिन्यात ल्हासा अप्सोचं पिल्लू आणलं. पिल्लू गोड आहे, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं मेहुण्याबद्दल आहे. पिल्लू घरात आल्यापासून याची मान जी ताठ झालीय ती खाली यायला तयार नाही. कुठलाही विषय काढा, गाडी तिथेच. "दाजी, ही जगातल्या सगळ्यात प्राचीन जातींपैकी आहे. डीएनएने सिद्ध झालंय. बाकीची कुत्री म्हणजे कालची पोरं."

मी म्हटलं, बाबा रे, सगळे कुत्रे लांडग्यापासूनच आले ना? मग एक जात दुसरीपेक्षा जुनी कशी? आपल्या दोघांचा खापरपणजोबा एकच निघाला, तर आपल्यात जुना कोण? यावर त्याने पिल्लू विकणाऱ्याने दिलेलं रंगीत पत्रक काढलं. त्यात पिरॅमिड, हिमालय आणि लांडगा तिघेही एकाच चित्रात गुण्यागोविंदाने उभे आहेत.

तर पैज लागलीय. हरणाऱ्याने महिनाभर पहाटे साडेपाचला पिल्लाला फिरवून आणायचं. जाणकारांनी प्रकाश टाकावा. जातीचं वय म्हणजे नेमकं काय, ते मोजतात कसं, आणि सगळ्यात जुनी म्हणायची तर कोणती?

उनाड

धर्मराजाच्या मागे स्वर्गाच्या दारापर्यंत गेला त्याची. जात कुणी विचारली नाही म्हणून तर तो तिथवर पोचला.

खडूस आजोबा

उनाड, पहिल्याच चेंडूवर षटकार. आता धागाकर्त्यांनी धागा बंद केला तरी चालेल.

प्राजक्ता_म

शंकासुर, वाईट बातमी आधी सांगते. मेहुण्याचं म्हणणं हवेतलं नाही.

२००४ साली 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. ८५ जातींचे ४१४ कुत्रे घेतले, प्रत्येकाच्या डीएनएमधल्या ९६ जागा तपासल्या आणि संगणकाला सांगितलं, आता तूच गट पाड. बहुतेक युरोपीय जाती एकमेकींत इतक्या गुंतलेल्या निघाल्या की त्यांची पोटगटवारी करताना नाकी नऊ आले. पण काही जाती स्पष्ट वेगळ्या पडल्या आणि वंशवृक्षाच्या झाडावर लांडग्याच्या जवळ जाऊन बसल्या. शिबा इनू, अकिता, चाऊ चाऊ, शार पे, बसेंजी, हस्की, मालाम्यूट, सामोयेड, अफगाण हाउंड, सलुकी, पेकिनीज, शिह त्झू, तिबेटन टेरिअर. आणि हो, ल्हासा अप्सो.

तेव्हापासून या गटाला 'प्राचीन जाती' हे नाव चिकटलं. पत्रकवाल्याने तेच उचललंय. पिरॅमिड मात्र त्याने स्वखर्चाने घातलेत.

शंकासुर

म्हणजे पहाटे साडेपाच?

गुंडूची आई

आमच्याकडे हस्की आहे, सहा वर्षांचा. प्राचीन आहे की नाही माहीत नाही, पण वर्तन असं की घर त्याचं आणि आम्ही पोटभाडेकरू. बोलावलं की थांबतो, वळून बघतो, विचार करतो आणि जातो. दुसऱ्या दिशेला. दोनदा कुंपणाखालून बोगदा काढून पळालाय. भुंकणं फारसं नाही, पण मनाविरुद्ध काही झालं की असा सूर लावतो की शेजारी विचारतात, सगळं ठीक आहे ना?

मला कुणीतरी सांगितलं होतं की जुन्या जातींमध्ये लांडगा जास्त उरलाय, म्हणून त्या ऐकत नाहीत. खरं आहे का?

हाडवैरी

सगळ्यांना एकदमच उत्तर देतो, कारण गोंधळ एकाच शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'प्राचीन'.

प्राजक्ता यांनी सांगितलेला अभ्यास चांगला होता. त्यातून निघालेला अर्थ मात्र घसरला. २०१२ मध्ये दुसऱ्या एका गटाने हाच प्रश्न पुन्हा हातात घेतला. त्यांनी १२१ जातींची आकडेवारी तपासलीच, वर नकाशा उघडून विचारलं, या तथाकथित प्राचीन जाती राहतात कुठे? आणि कुत्र्यांची सगळ्यात जुनी हाडं सापडतात कुठे? दोन्ही जुळायला हवं होतं. जुळलं नाही. उलट, झाडाच्या बुंध्याशी बसणारे बसेंजी, डिंगो आणि न्यू गिनीचा गाणारा कुत्रा हे तिघेही करडा लांडगा मुळात कधी राहिलाच नाही अशा मुलखातले. ऑस्ट्रेलियात डिंगो पोचला सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, तोही माणसाच्या होडीतून. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे कुत्रा पोचून जेमतेम दीड हजार वर्षं झाली. जिथे कुत्रा सगळ्यात उशिरा पोचला तिथलेच कुत्रे सगळ्यात जुने कसे?

उत्तर असं की ते जुने नाहीत, वेगळे राहिलेत. एका खोऱ्यातल्या सगळ्या गावांची बोली बाजारहाट करून, सोयरिकी जुळवून एकमेकींत मिसळून गेली, आणि डोंगरापलीकडच्या एका वस्तीची मिसळली नाही, असं समजा. आज ऐकणाऱ्याला ती वस्ती 'जुनं' बोलतेय असं वाटेल. पण तिची बोलीही तेवढीच वर्षं बदलत आलीय, फक्त शेजाऱ्यांसारखी बदलली नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात कुत्र्यांचा इतका संकर झाला की मूळ फांद्या पुसल्या गेल्या. ज्यांच्यापर्यंत तो संकर पोचला नाही, ते झाडावर उठून दिसतात. तेव्हा ती यादी वयाची नाही, एकांतवासाची आहे.

उनाड

म्हणजे 'प्राचीन' म्हणजे 'ज्याला सोयरिकी आल्या नाहीत तो'. आमच्या एका काकांना कळवतो, बरं वाटेल.

शंकासुर

हाडवैरी, साष्टांग नमस्कार. हे जसंच्या तसं मेहुण्याला पाठवलंय. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

खडूस आजोबा

मुळात 'जात' हेच खूळ अलीकडचं. कुत्र्यांच्या पहिल्या प्रदर्शनांपैकी एक १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसलला भरलं, त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते. १८७३ मध्ये केनेल क्लब निघाला. त्यानंतर वह्या आल्या, नोंदी आल्या, बाप कोण आजा कोण याचे कागद आले. त्याच्या आधी कुत्रा कामावरून ओळखला जायचा. मेंढ्या वळणारा, सशामागे धावणारा, दारात बसणारा. काम जमलं की झालं, कागद कोण मागत होतं? कुत्र्यांच्या जातीचा दाखला १८७३ नंतरचा आहे मंडळी, त्याआधीच्या सगळ्या तोंडी गोष्टी.

आता एक तोंडी गोष्ट घ्या. आयरिश वुल्फहाउंड, केवढा पुराणपुरुष! आयर्लंडमध्ये लांडगे अठराव्या शतकाच्या अखेरीस संपले, त्यांच्याबरोबर हा कुत्राही जवळजवळ संपला. मग १८६० च्या दशकापासून कॅप्टन ग्रॅहम नावाच्या गृहस्थाने उरल्यासुरल्या रक्तात स्कॉटिश डीअरहाउंड, ग्रेट डेन, बोर्झोई वगैरे मिसळून तो पुन्हा उभा केला. हे जीर्णोद्धाराचं काम. पाया कदाचित जुना असेल, पण वरचा दगड न् दगड नवा. आणि लोक त्याच्याकडे बघून म्हणतात, बघा, हजारो वर्षांची परंपरा!

प्राजक्ता_म

आजोबांना +१. यातली सगळ्यात मोठी गंमत फॅरो हाउंडची. उभे कान, लांब तोंड, सडपातळ अंग, अगदी इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांतून उतरल्यासारखा. मूळ गाव माल्टा. तिथले लोक त्याला 'केल्ब ताल-फेनेक' म्हणतात, म्हणजे सशाचा कुत्रा. साधं, कामाचं नाव. फॅरोचा मुकुट विसाव्या शतकात इंग्रज हौशी लोकांनी चढवला. २००४ च्याच अभ्यासात हा प्राचीन गटात बसतो का तेही पाहिलं होतं. नाही बसला. इतर युरोपीय जातींच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

वाळवंटी

आजोबा, थोडं सबुरीने. मी आखातात बरीच वर्षं काढली आणि सलुकी पाळणाऱ्या लोकांत उठबस होती. "क्लब नव्हता म्हणून जात नव्हती" हे मला पटत नाही.

त्या लोकांकडे वह्या नव्हत्या, पण अमुक कुत्री कुणाच्या कुत्रीची नात, तिची आजी ओल्या वाळूत कशी धावायची, हे तोंडपाठ. कुणाची मादी कुणाच्या नराला द्यायची यावर दोन-दोन संध्याकाळी चर्चा. रंगाबद्दल, कानांच्या केसांबद्दल त्यांना काही देणंघेणं नाही. एकाच वेताला एक पिल्लू गुळगुळीत आणि एक झालरीच्या कानांचं निघालं तरी कुणी भुवई उंचावत नाही. छाती खोल हवी, पंजे चांगले हवेत आणि धावताना दम टिकायला हवा. पिढ्यान्‌पिढ्या ही निवड चाललीय. याला जात म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

खडूस आजोबा

वाण म्हणायचं. बियाण्यात म्हणतो तसं. शेतकरी दरवर्षी चांगलं कणीस बाजूला काढतो आणि तेच पेरतो, त्यातून मुलखाला मानवणारा वाण तयार होतो. त्यात थोडं उन्नीस-बीस चालतं, बाहेरचं परागकण आलं तर आभाळ कोसळत नाही. जात म्हणजे पिशवीबंद बियाणं, शिक्का मारलेलं. सलुकी हा वाण जुना असेल, मला मान्य. पण प्रदर्शनातली सलुकी ही त्या वाणातून उचललेली एक मूठ.

वाळवंटी

हे पटलं. 'वाण' हा शब्द मी चोरला.

हाडवैरी

मीही. इतकी वर्षं मी यासाठी नीट शब्द शोधत होतो.

भटकभवानी

थोडं अवांतर होईल, पण राहवत नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाचे दोन कुत्रे येतात. त्यांना 'सारमेय' म्हटलंय, म्हणजे सरमेची पोरं. सरमा ही इंद्राची कुत्री, गाई शोधून काढणारी. आणि या दोघांचं वर्णन आहे 'चतुरक्षौ', चार डोळ्यांचे. लहानपणी मला वाटायचं काहीतरी अक्राळविक्राळ असणार. मग एकदा काळ्या अंगाचा कुत्रा पाहिला, दोन्ही डोळ्यांवर बदामी ठिपका. लांबून खरंच चार डोळे वाटतात. आणि तो झोपला की खालचे दोन मिटतात, वरचे दोन जागेच!

हाच चार डोळ्यांचा कुत्रा पारशी धर्मग्रंथांतही आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी असा विधी आहे आणि त्यासाठी चार डोळ्यांचा कुत्रा सांगितलाय. दोन्ही परंपरा एका कुळातल्या, तेव्हा कल्पनाही तितकीच जुनी असणार. अनेक अभ्यासक चार डोळ्यांचा अर्थ ठिपके असाच लावतात.

जात नाही सांगता येणार, पण अंगावरची एक खूण तरी एवढ्या जुन्या शब्दात टिकून राहिली, याचं मला फार अप्रूप आहे.

उनाड

अवांतरच मूळ धाग्यापेक्षा भारी. वाचनखूण साठवली.

निरंजन_के

मला मूळ शंका आहे. जातींचं सोडा, कुत्राच मुळात किती जुना? कुणी १५ हजार वर्षं म्हणतं, कुणी ४० हजार. एवढा फरक कसा काय?

हाडवैरी

कारण सुरुवातीचा कुत्रा आणि लांडगा यांच्या कवट्या ओळखू येण्याइतक्या वेगळ्या नसतात. बेल्जियममधल्या गोये गुहेतली एक कवटी सुमारे ३६ हजार वर्षं जुनी आहे, अल्ताई डोंगरातली एक सुमारे ३३ हजार. काही जण म्हणतात हे सुरुवातीचे कुत्रे, काही म्हणतात जरा वेगळ्या तोंडवळ्याचे लांडगे. भांडण जुनं आहे आणि दोन्हीकडची माणसं हट्टी आहेत.

ज्याच्याबद्दल कुणी फारसं भांडत नाही तो कुत्रा जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला सापडला. १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करताना मजुरांना एक पुरुष आणि एक बाई यांचे सांगाडे मिळाले, सोबत जनावराची हाडं. तो कुत्रा आहे हे लक्षात यायला आणखी साठेक वर्षं गेली. वय सुमारे १४ हजार वर्षं. शेतीचा अजून पत्ता नव्हता.

मूळ लांडगा कोणता म्हणाल तर तो आज जिवंत नाही. आजचे लांडगे कुत्र्याचे आजोबा नाहीत, चुलते आहेत. २०२२ मध्ये ७२ प्राचीन लांडग्यांचे जीनोम (म्हणजे संपूर्ण डीएनए) वाचले, तेव्हा कुत्रा युरोपपेक्षा आशियाच्या पूर्वेकडच्या जुन्या लांडग्यांना जवळचा निघाला. पण पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतल्या कुत्र्यांत पश्चिमेकडच्या दुसऱ्या एका लांडग्याचाही वाटा आहे. नेमकं गाव अजून हाती लागलेलं नाही.

एवढं मात्र पक्कं की ११ हजार वर्षांपूर्वी कुत्र्यांच्या निदान पाच वेगळ्या शाखा झालेल्या होत्या. २०२० साली २७ जुन्या कुत्र्यांच्या जीनोमवरून हे कळलं. जातींपेक्षा मला त्या पाच शाखा जास्त 'प्राचीन' वाटतात, आणि आजचे जवळजवळ सगळे कुत्रे त्यांची कमीअधिक भेसळ आहेत.

डॉ. शेपूट

बॉनच्या कुत्र्याबद्दल हाडवैरी हात राखून बोलले, म्हणून मी पुढचं सांगतो. माझा धंदाच जनावरांवर इलाजाचा.

ते पिल्लू होतं, साधारण सात महिन्यांचं. दातांवर ज्या आडव्या रेघा उमटल्यात, त्यावरून २०१८ मध्ये निष्कर्ष निघाला की त्याला डिस्टेंपर झाला होता. एकोणिसाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू झाला, मध्ये उतरला, पुन्हा उलटला, असे तीन झटके. हा आजार मी रोज बघतो. ताप, उलट्या, जुलाब, नाकाडोळ्यांतून पू, मग आकडी. आज सलाईन, औषधं असूनही पिल्लं हातची जातात. कुणी पाणी पाजलं नाही, पुसलं नाही, ऊब दिली नाही तर पहिल्याच झटक्यात तीन आठवड्यांत खेळ आटपतो. हे पिल्लू त्यानंतरही कित्येक आठवडे जगलं.

त्या अवस्थेत ते शिकार करणार नव्हतं की पहारा देणार नव्हतं. माझ्याकडे लोक आजारी पिल्लू घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "याच्यावर किती खर्च करण्यात अर्थ आहे?" तेव्हा मला ती खाण आठवते.

गुंडूची आई

डॉक्टर, हे वाचून गुंडूला जाऊन मिठी मारली. त्याने अर्थातच मान फिरवली.

उनाड

वातावरण फार गंभीर झालंय, म्हणून एक शास्त्रीय शंका. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, हे ठाऊक आहे. पण लांडग्याचं तर सरळ असतं! मग वाकडं केलं कुणी?

डॉ. शेपूट

या नावाने वावरतोय म्हटल्यावर उत्तर देणं भाग आहे.

१९५९ मध्ये दिमित्री बेल्याएव्ह यांनी सोव्हिएत संघात, पुढे नोवोसिबिर्स्कजवळ, कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. ल्युडमिला ट्रुट यांनी तो नंतर अनेक दशकं चालवला. दर पिढीतले माणसाला सर्वात कमी घाबरणारे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. बाकी कशाचीही निवड नाही. काही पिढ्यांतच ते शेपूट हलवायला लागले, अंगावर पांढरे ठिपके आले, काहींचे कान पडले आणि काहींचं शेपूट वर वळलं. शेपूट कुणी वाकवलं नव्हतं. स्वभाव निवडला, शेपूट मागोमाग आलं.

प्राजक्ता_म

डॉक्टर, एक तळटीप. २०१९ मध्ये यावर बरीच टीका झाली. ते कोल्हे रानातून धरलेले नव्हते, कॅनडातल्या फरच्या शेतांवरून आलेल्या कोल्ह्यांचे वंशज होते. तिथे कित्येक पिढ्या माणसाच्या हाताखाली पैदास झालेली. ठिपके तिथल्या जुन्या फोटोंतही दिसतात. तेव्हा माणसाळणं खरं, पण 'सगळी लक्षणं एका झटक्यात उगवली' हे जरा फुगवून सांगितलं गेलंय.

डॉ. शेपूट

मान्य. शेपूट सरळ केल्याबद्दल आभारी आहे.

उनाड

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). नळी मिळाली शेवटी.

वाळवंटी

बसेंजीबद्दल कुणीच फारसं बोललं नाही अजून. तो भुंकत नाही म्हणतात ते खरं का?

डॉ. शेपूट

मुका नाही. स्वरयंत्राची ठेवण वेगळी आहे, म्हणून भुंकण्याऐवजी गळ्यातून एक लांब हेलकाव्याचा आवाज काढतो, रडगाणं आणि गाणं यांच्या मधला. काँगोच्या जंगलात शिकारी त्याच्या गळ्यात लाकडी खुळखुळा बांधतात, कारण दाट झाडीत कुत्रा कुठे आहे ते कळायला हवं आणि हा पठ्ठ्या तोंड उघडणार नाही. दुसरी गोष्ट, बहुतेक कुत्र्या वर्षातून दोनदा माजावर येतात, बसेंजी एकदाच, लांडग्यासारखी.

गुंडूच्या आईंचा मघाचा प्रश्न राहिला होता. लांडगा 'जास्त उरला' म्हणून हस्की ऐकत नाही, असं नाही. तो ओढायला आणि धावायला घडवलाय, पायाशी बसायला नाही. २०२२ मध्ये १८ हजारांवर कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली, दोनेक हजारांचा डीएनए वाचला, आणि कुत्र्यांच्या स्वभावातल्या फरकांपैकी साधारण ९ टक्केच जातीवरून सांगता आला. बाकी तो कुत्रा, त्याचं नशीब आणि तुम्ही.

गुंडूची आई

म्हणजे ९१ टक्के आम्हीच बिघडवला. यांना सांगणार नाही.

हाडवैरी

तरी हस्कीला अगदीच खाली बसवू नका. सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव्ह बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे अवशेष मिळाले, आणि कुत्र्यांची हाडंही. त्यांचा डीएनए आजच्या गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांशी, विशेषतः ग्रीनलंडच्या, चांगला जुळतो. हा वाण खरंच लांबून आलाय. पिष्टमय खाणं पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती शेतकऱ्यांच्या कुत्र्यांत वाढत गेल्या, यांच्यात मात्र थोड्याच राहिल्या. शेतीशी संबंधच आला नाही ना.

भटकभवानी

'वाण' कागदाशिवायही कसा जपतात याचं एक उदाहरण देते. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या सॅलिश लोकांकडे लोकरीसाठी पाळलेला कुत्रा होता. मेंढीसारखी त्याची लोकर कातरायची, सूत काढायचं आणि मानाची घोंगडी विणायची. इतर कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून बायका हे कुत्रे छोट्या बेटांवर किंवा कुंपणात वेगळे ठेवायच्या. वसाहतवाल्यांबरोबर रोगराई आली, बंदी आली, समाजच उखडला गेला आणि कुत्राही संपला. उरलं एक कातडं. १८५९ मध्ये मेलेल्या एका कुत्र्याचं, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात. २०२३ मध्ये त्याचा जीनोम वाचला, तर ही शाखा काही हजार वर्षं वेगळी राहिलेली. म्हणजे बायकांनी सांभाळलेलं कुंपण डीएनएमध्ये दिसतं.

त्या कुत्र्याचं नाव होतं मटन. हे मी बनवत नाहीये.

खडूस आजोबा

सपशेल माघार. क्लब नव्हता, पण निवड होती, कुंपण होतं आणि हेतू होता. ही जातच.

निरंजन_के

मग अमेरिकेतले बाकीचे जुने कुत्रे? चिवावा तिथलाच ना?

प्राजक्ता_म

नाव तिथलं, चेहरा कदाचित तिथला, रक्त बहुतांशी युरोपातलं. युरोपीय आल्यावर तिथले मूळ कुत्रे जवळजवळ पुसले गेले. आजच्या कुत्र्यांत त्यांचा अंश फार थोडा सापडतो.

डॉ. शेपूट

त्यांचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक कोण, सांगा बरं? कुत्रा नाही. एक गाठ.

कुत्र्यांत मिलनातून पसरणारा एक कर्करोग असतो. भटक्या कुत्र्यांत मी नेहमी बघतो, औषधाने बराही होतो. यात विषाणू पसरत नाही, पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. म्हणजे जगभरच्या या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशी आहेत. तो मेला, गाठ जगतेय. २०१८ मध्ये तिचा डीएनए ताडून पाहिला, तर तो अमेरिकेतल्या त्या नाहीशा झालेल्या कुत्र्यांना सगळ्यात जवळचा निघाला.

तेव्हा शंकासुर, जिवंत असलेला सगळ्यात जुना कुत्रा कोणता विचाराल, तर माझं उत्तर हे.

शंकासुर

डॉक्टर, हे मी मेहुण्याला पाठवू शकत नाही. जेवणाच्या वेळी तो फोन बघतो.

उनाड

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

अप्सोचे_बाबा

नमस्कार. नवीन सदस्य आहे. दाजी, धागा दुसऱ्यांनी पाठवला तेव्हा कळलं.

सगळे प्रतिसाद वाचले. काही गोष्टी स्पष्ट करतो. एक, पिरॅमिड मी छापले नव्हते. दोन, माझं वाक्य होतं, "डीएनएच्या यादीत आहे". यादीत आहेच, प्राजक्ताताईंनीच सांगितलं. तीन, हाडवैरी साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे ती वेगळं राहिल्याची यादी असेल, तर वेगळं राहणं ही काय कमी गोष्ट आहे? तिबेटातल्या मठांत हा कुत्रा दाराच्या आत बसून पहारा द्यायचा. कुणी वह्या न ठेवता एवढा काळ सांभाळलाच ना?

तेव्हा पैज मी जिंकलो असं माझं म्हणणं आहे. न्यायनिवाडा व्हावा.

हाडवैरी

स्वागत. वाद चांगला घातलात.

माझा कौल असा. यादीत असण्याबद्दल तुम्ही बरोबर. 'बाकीची कालची पोरं' याबद्दल शंकासुर बरोबर. रस्त्यावर मोकळा फिरणारा कुठलाही कुत्रा घ्या. जगातल्या बहुसंख्य कुत्र्यांना मालक, कागद, क्लब काहीच नाही, आणि त्यांच्या डीएनएतलं वैविध्य कागदवाल्या जातींपेक्षा कितीतरी जास्त आहे. कुत्र्याचा मूळ साठा तोच. जाती म्हणजे त्यातून भरलेल्या ओंजळी. काही आधी भरल्या, काही परवा. शिबाची तर दुसऱ्या महायुद्धानंतर तीन वंशरेषांतून पुन्हा बांधणी करावी लागली, आणि तरी तो यादीत वरच आहे. ओंजळीतलं पाणी तळ्यापेक्षा जुनं नसतं.

पंधरा-पंधरा दिवस वाटून घ्या.

खडूस आजोबा

अनुमोदन. पहिले पंधरा दिवस मेहुण्याचे, कारण पिल्लू त्याचं.

शंकासुर

मान्य. तसंही घरातून निकाल आधीच लागला होता. बायको म्हणाली, भाऊ माझा आणि नवरा माझा, दोघांनाही चालायची गरज आहे.

गुंडूची आई

फोटो टाका हो पिल्लाचा! आणि नाव काय ठेवलंय?

अप्सोचे_बाबा

फॅरो.

प्राजक्ता_म

प्रकाटाआ.